सही तुझी आहे, पोरी

मिरज,
रविवार, १४ जुलै २०२४

चि. ऋतू,



बुधवारी तुझा फोन आला तेव्हा अक्का माझ्या शेजारी मेथी निवडत बसली होती, म्हणून मी नुसतं "बरं, बरं" म्हणत राहिले. ती गेल्यावर परत फोन लावणार होते. मग वाटलं, नको. फोनवर मी रागावते, तू रडतेस आणि दोघींचंही सांगायचं ते राहून जातं. म्हणून हे लिहितेय. उद्या सकाळी कुरियरने टाकते, बुधवारपर्यंत तुला मिळेल.

इथं पाऊस लागून आहे. कृष्णेचं पाणी अजून पात्रातच आहे, पण २०१९च्या पुरापासून लोकांना सवयच लागली आहे, गल्लीतलं कोणी ना कोणी सांगलीला गेलं की आयर्विन पुलापाशी थांबून पातळी बघून येतं आणि सगळ्यांना सांगतं. बुधवारी आषाढी. तुझे बाबा गुडघा धरून जिना उतरतात, ऑपरेशनचं नाव काढलं की पेपर तोंडापुढे धरतात. अक्काला तुझ्या पगाराचं मी काही बोलले नाही. ते तू सांग, तुझ्या तोंडून, पण सांग. आईपासून पैशाची अडचण लपवली की ती भलतंसलतं काहीतरी मनात आणते.

आता तुझं. मेचा पगार अर्धा आला, जूनचा आलाच नाही. डिझाइनमधली चार माणसं सोडून गेली. कँटीन बंद झालं. नवा गुंतवणूकदार येतोय असं दर सोमवारी कोणीतरी सांगतं. हे सगळं तू सांगत होतीस आणि मधेच सहज बोलल्यासारखी बोलून गेलीस, की गोदामात पडून असलेले २०२१चे बेचाळीस व्हेंटिलेटर महिनाअखेर पाठवायचे आहेत, बहात्तर तास चालवून बघायला वेळ नाही, आठ तास चालव आणि कागदावर बहात्तर लिहून सही कर, असं साहेब म्हणाले. लगेच पुढे कँटीनचं सांगायला लागलीस. माझा जीव मात्र त्या वाक्यापाशी अडकलाय तो अजून सुटलेला नाही. रात्री दोनदा उठून पाणी प्याले.

बाळा, तू या नोकरीला लागलीस तो दिवस मला आठवतो. ऑगस्ट २०२०. मी पीपीई काढून घरी आले होते, अंगात त्राण नव्हतं, आणि तुझा मेसेज, "मावशी, तुझ्या वॉर्डसाठी मशीन बनवणार मी." मी दारातच बसून रडले. त्या दिवसांत आम्ही एकेका व्हेंटिलेटरसाठी किती फोन केलेत ते आमचं आम्हाला ठाऊक. त्याआधी आपल्याकडचे बहुतेक व्हेंटिलेटर परदेशातून यायचे. मेमध्ये पीएम केअर्समधून पन्नास हजार देशी व्हेंटिलेटरसाठी दोन हजार कोटी जाहीर झाले आणि कालपर्यंत दुसरंच काही बनवणारे कारखाने रातोरात याच कामाला लागले. तुमची कंपनीही त्यातलीच, दोनशे माणसांची झाली. मग साथ ओसरली आणि मागणी बसली. रुग्णालयांना लागणारे व्हेंटिलेटर कमी आणि गोदामात पडलेले जास्त. त्यात गेल्या ऑक्टोबरपासून सी आणि डी वर्गातल्या उपकरणांना परवाना सक्तीचा झाला, व्हेंटिलेटर त्यात आलाच, म्हणजे कागदपत्रं, चाचण्या, तपासणी, सगळा खर्च वाढला. हे मी एवढ्यासाठी लिहितेय की रात्री झोपताना "आपलंच काहीतरी चुकलं" असं तू मनाशी धरू नयेस. कंपनी बुडतेय ती तुझ्या हातून बुडत नाहीये.

पण ती बेचाळीस मशिनं तुझ्या हातून जाणार आहेत.

एक रात्र तुला कधी सांगितली नाही. मे २०२१, दुसरी लाट. माझी नाईट होती. बेडगकडचा एक टेम्पोवाला व्हेंटिलेटरवर होता, चाळिशीही गाठलेली नव्हती. पहाटे तीनच्या सुमाराला लाईट गेली. जनरेटर लागला, पण आमच्या बाजूची लाइन ट्रिप झाली होती. मशीन बॅटरीवर गेलं, पडद्यावर बॅटरी भरलेली दाखवत होतं, म्हणून मी आधी पलीकडच्या पेशंटकडे धावले. चार मिनिटांत हे मशीन बंद. अलार्मसुद्धा नीट वाजला नाही. मी अँबू बॅग लावली आणि वॉर्डातल्या मामांना हाक मारली. आम्ही दोघांनी आळीपाळीने पस्तीस मिनिटं अँबू केलं. पाच-सहा सेकंदांनी एक दाब, मनात आकडे मोजत, त्या पीपीईत घाम डोळ्यांत उतरतोय आणि पुसता येत नाही. माझ्या उजव्या अंगठ्याचं मूळ अजून थंडीत दुखतं, ते त्या रात्रीचं. माणूस वाचला, तेराव्या दिवशी चालत घरी गेला.

सकाळी ड्युटी संपल्यावर मी ते मशीन ओढून भिंतीशी लावलं. मागच्या बाजूला हिरवं स्टिकर होतं. क्यूसी पास, तारीख, आणि दोन अक्षरांची सही. मी त्या दोन अक्षरांकडे किती वेळ बघत उभी होते. राग यायला हवा होता, तो आला नाही. मला आठवलीस तू. हे कोणाचं तरी लेकरू असेल, कोणीतरी मागं उभं राहून घाई कर म्हणालं असेल, असं वाटलं. त्या सहीवर विश्वास ठेवूनच मी पलीकडच्या पेशंटकडे धावले होते गं. आम्ही सिस्टर लोक मशीन उघडून बघत नाही. आम्ही स्टिकर बघतो.

म्हणून एवढंच म्हणते, जे तू पाहिलं नाहीस त्यावर सही करू नकोस. पगार थकला तरी नको, साहेबांनी गळ घातली तरी नको.

तुला हे माझ्याहून जास्त कळतं, तरी लिहिते. ती मशिनं तीन वर्षं पडून आहेत. ऑक्सिजनचा सेन्सर मशीन चालो न चालो, पाकिटातून निघाला की झिजत जातो, वर्ष-दोन वर्षांचं त्याचं आयुष्य. आमच्याकडे कोपऱ्यात चादर टाकून ठेवलेले जे व्हेंटिलेटर होते, त्यांतले निम्मे त्या सेन्सरपायी अडलेले, बाकी सगळं ठणठणीत. बॅटरीचंही तेच, नुसती पडून राहिली तरी मरते, आणि वर पडद्यावर भरलेली दाखवते. आठ तासांत काय कळणार? पहिले आठ तास तर नवरदेवासारखी सगळीच मशिनं नीट वागतात.

आणि मी हिशेबही केला. दिवाळीत तू फोटो पाठवला होतास, टेस्ट लंग लावलेले बारा स्टँड एका रांगेत. मी तो फोटो जपून ठेवलाय. बेचाळीस मशिनं, एका वेळी बारा, म्हणजे चार खेपा. तीन दिवसांची एक खेप धरली तर बारा दिवस. गुरुवारी १८ तारखेला सकाळी पहिली खेप लावलीस तर ३० तारखेला सकाळी शेवटची उतरते, आणि जुलै एकतीस दिवसांचा आहे. मध्ये दोन रविवार जातील, ते जाऊ देत. वेळ नाही हे खरं नाही, ऋतू. मला वाटतं अडलंय ते पैशाचं आहे. नवे सेन्सर, नव्या बॅटऱ्या आणायला पुरवठादार आता उधार देत नसणार, आणि बहात्तर तास चालवलं तर जुने सेन्सर नापास होणार हे साहेबांना माहीत असणार. ते वाईट माणूस नाहीत, तूच सांगितलंस, घर गहाण टाकून त्यांनी जूनचे निम्मे पगार जमवायचा प्रयत्न केला. पण घाबरलेला भला माणूस जे करायला सांगतो ते नेहमीच भलं असतं असं नाही.

तेव्हा भांडू नकोस, आणि सगळ्यांसमोर तर मुळीच बोलू नकोस. हा हिशेब घेऊन त्यांच्या केबिनमध्ये जा. म्हणावं, सर, ३० तारखेपर्यंत होतंय, मी रविवारी येते. सेन्सरला पैसे नसतील तर बेचाळीसच्या जागी जेवढ्यांना नवे सेन्सर मिळतील तेवढीच पाठवू, पंधरा तर पंधरा, आणि रुग्णालयाला खरं कळवू. मग जे बोलणं झालं ते त्याच दिवशी ई-मेलवर लिहून पाठव. दोन ओळी पुरेत, चिडकी भाषा नको. तरीही दुसऱ्या कोणाकडून सही घेऊन मशिनं गेलीच, तर मटेरिओव्हिजिलन्स म्हणून सरकारी कार्यक्रम आहे, २०१५ पासून, गाझियाबादच्या फार्माकोपिया आयोगाकडून चालतो. उपकरणामुळे काही घडलं तर तिथं कळवता येतं. त्या बॅटरीनंतर मी स्वतः तो फॉर्म भरला होता. वॉर्डात काही जणी म्हणाल्या, कशाला लफडं. मी भरला, आणि मला कोणी काही केलं नाही.

आता पैशाचं. पळसुले वकिलांकडे काल गेले होते, तुझं नाव न घेता विचारलं. त्यांनी सांगितलं ते लिहिते, आणि माझ्या शहाणपणाचंही थोडं.

आज रात्रीच पीएफचं पासबुक उघडून बघ. पगारातून बारा टक्के कापतात ते पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत खात्यात पडायला हवेत. कापले आणि भरले नाहीत, तर तो साधा उशीर नाही, गुन्हा आहे, आणि अडचणीतल्या कंपनीत सगळ्यात आधी हात जातो तो तिथंच. सगळ्या पगाराच्या स्लिपा, नेमणुकीचं पत्र, फॉर्म सोळा, यांच्या प्रती घरच्या कॉम्प्युटरवर ठेव. तुझे कागद तेवढेच. कंपनीची ड्रॉइंग, चाचण्यांच्या फायली यांतलं काही घरी आणू नकोस, तिथं आपलं बोट अडकतं. कंपनी दिवाळखोरीच्या कोर्टात गेली तर थकलेल्या पगाराचा दावा लावावा लागतो, त्याला मुदत असते, ती नोटीस पेपरात येते, म्हणून डोळे उघडे ठेव. पीएफ आणि ग्रॅच्युइटीचा पैसा मात्र कंपनीच्या देणेकऱ्यांत वाटला जात नाही, तो कामगारांचाच राहतो, असं वकील म्हणाले. ऐकून बरं वाटलं.

ग्रॅच्युइटीचं तू म्हणालीस, की पुढच्या महिन्यात चार वर्षं होतील, अजून एक काढलं की मिळेल. दर वर्षामागे पंधरा दिवसांचा मूळ पगार, म्हणजे पाच वर्षांचे तुझे ऐंशी-पंच्याऐंशी हजार होतील. थोडे नाहीत, मला माहीत आहे. पण पगारच अर्धा मिळणार असेल तर त्या पंच्याऐंशी हजारांसाठी तू दोन लाख सोडशील. तेवढ्यासाठी थांबू नकोस.

एक काम मात्र याच आठवड्यात कर. बाबांचा आरोग्यविमा तुझ्या कंपनीच्या पॉलिसीवर आहे. नोकरी सुटली की तो त्याच दिवशी सुटेल, आणि नवी पॉलिसी काढली तर जुन्या दुखण्यांना दोन-तीन वर्षं थांबायला लावतात. साखर आहे, गुडघा आहे. आहे त्याच विमा कंपनीकडे बाबांची स्वतंत्र पॉलिसी करून मिळते का, आधीची वर्षं धरतात का, ते विचार. पहिल्या हप्त्याचे पैसे मी देते. नाही म्हणू नकोस, माझ्या पेन्शनला दुसरं काय काम आहे.

तुला वाटेल मावशी नोकरी सोडायला सांगतेय. तसं नाही. पण थांबायचं तर किती, याची तारीख ठरवून थांब. आप्पांचं, तुझ्या आजोबांचं, तुला कोणी नीट सांगितलं नसेल. त्यांची गिरणी बंद पडत आली तेव्हा मी नववीत होते, अक्का बारावीत. पगार सात महिने थकला. मालक बदलतोय, बँक पैसे देतेय, दिवाळीनंतर भोंगा वाजणार, अशा बातम्या रोज यायच्या आणि आप्पा त्या घरी घेऊन यायचे, अगदी तोंड उजळून. गिरणीला कुलूप लागल्यावरसुद्धा वर्षभर ते सकाळी साडेसहाला धुतलेला शर्ट घालून, डबा घेऊन फाटकापर्यंत जायचे. बाहेर चहाच्या टपरीवर बसायचे. त्याच वर्षात त्यांना इस्लामपूरला चांगली जागा चालून आली होती. ते नाही म्हणाले, कारण गिरणी सुरू झाली आणि आपण नसलो तर काय. आईच्या पाटल्या त्या वर्षात गेल्या. मी नर्सिंगला गेले ते आवड म्हणून नव्हे, तिथं शिकताना विद्यावेतन मिळायचं म्हणून. पुढे आवड लागली, ते माझं नशीब. आप्पांवर माझा राग नाही. ते इमानी होते. पण फाटकाबाहेर बसून राहण्यात गिरणीचं काही भलं झालं नाही.

तर तू ३० सप्टेंबर धर. तोवर थकबाकी मिळाली, गुंतवणूकदार खरंच आला, तर बघू. नाही आला तर १ ऑक्टोबरला आपण निघालो. अर्ज आत्तापासून कर. कोऱ्या कागदावर किंवा "सगळी देणी मिळाली" असं छापलेल्या कागदावर राजीनामा देऊ नकोस. बघ, परत सहीवरच आले मी.

जाशील तेव्हा एक करून जा. कोणत्या मशीनला कोणता सेन्सर, कोणती बॅटरी, कुठून मिळते, कोणती चूक वारंवार येते, हे सगळं सर्व्हिसच्या मुलांसाठी नीट लिहून दे. कंपनी गेली तरी मशिनं राहतात गं. मागे मी वाचलं होतं अमेरिकेतल्या एका कंपनीचं, सेकंड साइट नावाची, कॅलिफोर्नियातली. त्यांनी अंधांच्या डोळ्यांत बसवायचं कृत्रिम दृष्टिपटल बनवलं, आर्गस टू. २०१३ मध्ये तिथल्या सरकारने मान्यता दिली, जगभरात साडेतीनशेच्या वर लोकांनी ते बसवून घेतलं. २०१९ला कंपनीने ते बनवणं थांबवलं, २०२०मध्ये बहुतेक माणसं कमी केली. आणि ज्यांच्या डोळ्यांत ते होतं त्यांना विचारायला जागा राहिली नाही, बिघडलं तर दुरुस्त कोण करणार. ते वाचून मला आमच्या वॉर्डातली चादर टाकलेली मशिनं आठवली. त्यांच्या कंपनीला फोन लावला की "हा क्रमांक अस्तित्वात नाही". तुमच्या मशिनवर उद्या कुठल्या तरी तालुक्याच्या गावी एखादी सिस्टर रात्री उभी असेल, तिच्या हाताशी निदान एक कागद असू दे.

परवा बाजारात गेले होते, सतारमेकर गल्लीतून आले. तिथले ते म्हातारे कारागीर तुला आठवतात का, लहानपणी त्यांच्या दुकानात तू भोपळ्यावर टकटक करून बघायचीस? लॉकडाऊनमध्ये त्यांना वर्षभर एकही ऑर्डर नव्हती, घरात धान्य आम्ही काही जणांनी पोचवलं. त्याच सुमाराला पुण्याचं एक गिऱ्हाईक तंबोरा लगेच न्यायला आलं, रोख पैसे घेऊन. जवारी, म्हणजे सूर खुलवणारी घोडीची घासणी, अजून लागायची होती. गिऱ्हाईक म्हणालं, चालेल, घरी कोणाकडून तरी लावून घेतो. यांनी दिला नाही. चार दिवसांनी या म्हणाले. त्यांच्या सुनेने मला हे सांगितलं तेव्हा ती चिडलेली होती आणि तिचं चिडणंही बरोबरच होतं, घरात तेल नव्हतं. गिऱ्हाईक चार दिवसांनी आलं. परवा ते म्हातारे पोत्यावर बसून कानशीने जवारी घासत होते, मला बघून म्हणाले, "इंजिनियर बाई कशा आहेत?" मी म्हटलं, बरी आहे, कामात आहे.

भाडं अडलं असेल तर सांग. मी पाठवते ते उसने समज हवं तर, पण मैत्रिणीकडे मागू नकोस. जेवण करत जा, रात्री बिस्किटांवर झोपू नकोस. आणि ऑगस्टमध्ये राणी चन्नम्मा एक्सप्रेसने चार दिवस ये, रात्री बसलीस की दुसऱ्या दिवशी इथं. अक्का तुझ्या वाटेकडे डोळे लावून आहे, बोलत नाही एवढंच.

गुरुवारी सकाळी साहेबांकडे जाण्याआधी मला फोन कर. मी सहाला उठलेली असते. आणि पहिली बारा मशिनं लागली की स्टँडचा फोटो पाठव.

तुझी,
मावशी